साडेसहाशे रुपयांचं पाच इंच लाकूड, घ्यावं की नाही?

मे महिन्यात सावंतवाडीला एका लग्नाला गेलेले, तेव्हा मधल्या वेळात चितार आळीत चक्कर मारली. तिथे नेहमीचं सगळं होतंच, लाकडी आंबे, फणस, केळी, रंगवलेले पाट, आणि ती खरी फळं समजून हातात घेऊन दाबून बघणारे टुरिस्ट. पण मला जायचं होतं ते तिथून पुढे गावाबाहेरच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये, कारण कोणीतरी सांगितलेलं की तिथले एक काका पेनाचे नक्षीवाले ब्लँक बनवतात. नाव देत नाही, एकटा माणूस आहे, आणि खाली थोडी तक्रारपण आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ब्लँक म्हणजे लाकडाचा चौकोनी तुकडा, साधारण सहा सूत बाय सहा सूत (पाऊण इंच) आणि पाच इंच लांब. त्याला मधून भोक पाडायचं, पितळेची नळी चिकटवायची, लेथवर चढवून गोल करायचा, घासायचा, पॉलिश करायचा, मग पेनचं किट, म्हणजे पेनाचे तयार धातूचे भाग, दाबून बसवायचं. मी हे गेली चार वर्षं करते, कुडाळला घरीच, सासऱ्यांच्या जुन्या लेथवर, ज्याच्यावर त्यांनी आयुष्यभर लाटणी आणि पाळण्याचे खूर काढले. प्रदर्शनात पेनं विकते, पोट काही त्याच्यावर नाही पण हिशोब ठेवते.

तर काकांकडे साधं फणसाचं ब्लँक ६० रुपयांना. चौकटीचं म्हणजे बुद्धिबळाच्या पटासारखं, ३५०. सेल्टिक नॉट, म्हणजे पेनाभोवती एकमेकांत गुंतलेल्या कड्या दिसतात ते, ६५०. आणि हेरिंगबोन, म्हणजे माशाच्या काट्यासारखी दोन्हीकडे तिरकी जाणारी नक्षी, ज्याला काका सरळ 'बांगड्याचो काटो' (बांगडा मासा हो) म्हणतात, ते ९००. मी तिथेच उभी राहून मनात म्हटलं, नऊशे रुपयात अर्धा किलो सुरमई येईल की हो (आमच्याकडे सगळी तुलना शेवटी माशावर येते).

घेतली मात्र. चार नॉट, दोन काटे, दोन चौकटी, सहा साधी. ५४६० झाले, वरचे साठ सोडले. घरी आल्यावर सासऱ्यांनी तो काटा हातात घेतला, चष्मा वर करून उलटासुलटा बघितला आणि म्हणाले, "ह्येच्यात लाकूड खंय आसा गो, सगळो गोंदच मां!"

आता किमतीकडे येते, कारण लोक मला सारखं विचारतात की एवढ्याशा तुकड्याचे एवढे कसले.

पहिली गोष्ट म्हणजे त्या तुकड्यातलं बहुतेक सगळं आपण फेकतोच. एकदा कागदावर मांडून बघितलं. १९ मिलिमीटर बाय १९ म्हणजे ३६१ चौरस मिलिमीटरचा छेद. बारीक पेनाच्या किटला नळी ७ मिलिमीटरची, तेवढं भोक गेलं, आणि बाहेरून आपण साधारण १० मिलिमीटरपर्यंत उतरवतो. म्हणजे शेवटी उरतं ते ४० चौरस मिलिमीटर, अकरा टक्के. बाकीचा भुसा. दोन्ही टोकांना, जिथे किटच्या धातूला लाकूड मिळतं, तिथे तर नळीवर एक मिलिमीटरसुद्धा लाकूड नसतं. मग ब्लँकच्या बाहेरच्या अंगाला दिसणारी नक्षी कितीही भारी असली तरी तिला काडीची किंमत नाही, ती भुशात जाणार आहे. किंमत आहे ती आतल्या त्या दीड मिलिमीटरच्या सालीत काय दिसणार त्याला, आणि ते विकत घेताना ना तुम्हाला दिसतं ना विकणाऱ्याला. मला वाटतं या धंद्यातली अर्धी भांडणं यामुळेच होतात.

दुसरी गोष्ट मी स्वतः करून बघितली म्हणून कळली. गेल्या वर्षी मला वाटलेलं नॉटमध्ये काय एवढं, ब्लँक तिरका कापायचा, मधे पातळ पट्टी चिकटवायची, पाव फेरा फिरवायचा, परत त्याच जागी कापायचा, परत पट्टी, असं चार वेळा. केलं. पट्टीसाठी चक्क आइस्क्रीमच्या काड्या वापरल्या, हसू नका. झालं काय, की पातं जेवढं लाकूड खातं नेमकी तेवढ्याच जाडीची पट्टी लागते. पातं एक सूत खात असेल तर पट्टी एक सूत, केसभरही कमीजास्त नाही, नाहीतर दुसऱ्या कापानंतर पहिल्या पट्टीचे दोन तुकडे एका रेषेत येतच नाहीत. आणि चारही काप मधल्या एकाच बिंदूतून जायला हवेत. आणि प्रत्येक कापानंतर गोंद नीट वाळू द्यायचा म्हणजे एक रात्र, चार काप म्हणजे चार रात्री, घाई केली की पुढच्या कापाला आधीचा सांधा सुटतो. माझे पाच तुकडे वाया गेले, सहावा झाला तो लेथवर चढवल्यावर कळलं की कडी जुळलीच नाहीये, साखळी तुटल्यासारखी दिसत होती. तो अजून आहे घरी, रंगाचा डबा उघडायला वापरते.

म्हणून काकांना विचारलं तेव्हा ते जे म्हणाले ते मला पटलं: "लाकडाचे पैशे नाय हे, चुलीत गेल्ला त्याचे." त्यांच्या मांडवात खरंच एक पोतं भरून वाकडेतिकडे नक्षीवाले तुकडे पडलेले, पाणी तापवायच्या चुलीसाठी. काय श्रीमंत चूल.

लाकूड मात्र उत्तम, त्याबद्दल काही बोलायचं नाही. फणसाचं आणि ऐनाचं, जुन्या घरांच्या वाशांचं, कौलं काढून स्लॅब घालतात तेव्हा निघतं ते. वर्षानुवर्षं चुलीच्या धुरात वाळलेलं लाकूड, आता त्याला आणखी काय वाळवणार. त्यात नवं झाड तोडायचं म्हटलं तर आंबा काय फणस काय, १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात आहेत, परवानगीची कटकट आलीच, मग जुना वासाच बरा. फक्त वाशात कुठेतरी खिळा असतो आणि तो पात्याला सापडतो, तेही किमतीत धरा.

आता एकेकाचं सांगते.

नॉट. शिसवात शिवणीची पांढरी पट्टी. चारातले तीन अगदी परफेक्ट, म्हणजे दहा मिलिमीटरला उतरवल्यावरही कड्या चारी बाजूंनी जुळलेल्या, पट्टीची रुंदी सगळीकडे सारखी, मी स्वतःच दहा मिनिटं फिरवून बघत बसले. चौथ्यात एका बाजूची कडी थोडी सरकलेली. बऱ्याच लोकांना कळणार नाही पण मला कळतं ना, आणि मला कळलं की मी ते पेन पूर्ण किमतीला विकू शकत नाही. एक टीप, शिसवाची काळी भुकटी घासताना त्या पांढऱ्या पट्टीत बसते आणि ती मळकट दिसायला लागते, विशेषतः स्पिरिटचं पॉलिश मारलं की रंग सरळ पसरतोच. म्हणून शेवटच्या घासण्याआधी पातळ सुपरग्लूचा एक हात देऊन पट्टी बंद करा, आणि कापडाऐवजी हवेने भुकटी उडवा. हे काकांनी सांगितलं नाही, एक पट्टी मळवल्यावर कळलं.

चौकट. ३५० रुपयाला मला वाटतं सगळ्यात प्रामाणिक सौदा. पण यात भोक अगदी मधोमध पडायला हवं, मिलिमीटरभर सरकलं तर एक घर जाडं आणि समोरचं बारीक, आणि ते पेन फिरवताना लगेच डोळ्यात येतं. माझं एक असं गेलं. तो दोष माझा, घाईत ड्रिल मशिनवर पाडलं, लेथवर पाडायला हवं होतं. दुसरं छान झालं, एका वकिलांनी बघताक्षणी घेतलं.

आणि आता बांगड्याचा काटा. नऊशेवाला.

पहिला ड्रिल करताना फुटला. म्हणजे अक्षरशः फुटला, अर्ध्यावर गेल्यावर टक् असा आवाज आणि चार तुकडे, त्यातला एक जाऊन तुळशीत पडला. मान्य आहे की ड्रिल गरम झालं की गोंद ढिला पडतो, म्हणून मी नवीन बिट लावलेलं, दर चार-पाच मिलिमीटरला बाहेर काढत होते, ब्लँकभोवती टेपपण गुंडाळलेली. तरी फुटला, आणि तुकडे बघितले तर एका सांध्यात गोंद पोचलाच नव्हता, लाकूड कोरडं दिसत होतं. काट्याच्या नक्षीत बरेच सांधे आडव्या टोकाचे येतात, म्हणजे जिथे रेषे कापले जाऊन उघडे पडतात, तिथे लाकूड गोंद पिऊन टाकतं आणि पकड कमी राहते, म्हणून दोनदा गोंद लावावा लागतो हे मला सासऱ्यांनी नंतर सांगितलं. काकांना फोटो पाठवला. चार दिवस उत्तर नाही. मग फोन केला तर म्हणाले ड्रिलात फुटलेल्याची गॅरंटी नसते. मी म्हटलं कोरडा सांधा बघा ना फोटोत. मग म्हणाले पुढच्या वेळी याल तेव्हा बघू. आता पुढच्या वेळी येण्यासाठी मला कुडाळहून गाडीत पेट्रोल घालून यायचं, हे जरा जास्तच झालं. साठ रुपयांच्या ब्लँकला चालेल हो असं बोलणं, नऊशेच्या नाही.

दुसरा काटा सुंदर झाला. इतका की विकलाच नाही, नवऱ्याला दिला. जूनमध्ये दिला आणि ऑगस्टमध्ये त्याने दाखवलं की बोट फिरवलं की सांध्यावर नख अडकतं. आमच्याकडचा पावसाळा, कपाटातल्या चपलांना बुरशी येते तिथे लाकूड काय गप्प बसणार. लाकूड आडवं फुगतं, लांबीत जवळजवळ नाही, आणि काट्याच्या नक्षीत शेजारच्या दोन तुकड्यांचे रेषे वेगवेगळ्या दिशेला, म्हणून एक फुगतो आणि दुसरा नाही. वर सुपरग्लूचं जाड फिनिश असूनही. दिवाळीनंतर हवा सुकली तेव्हा ते बरंच बसलं, पूर्ण नाही. नॉटला हा त्रास झाला नाही, कारण तिथे मूळ लाकडाचे रेषे एकाच दिशेला राहतात, पट्टी फक्त पातळ.

अजून एक, जे काकांनी आधी सांगायला हवं होतं. फणसाचा तो हळदीसारखा पिवळा रंग कायम राहत नाही, उजेडात हळूहळू तपकिरी होत जातो. शिसव आणि फणस शेजारी लावून आज जो उठाव दिसतो तो दोन वर्षांनी तेवढा राहणार नाही. ज्या गिऱ्हाइकाला मी पिवळं-काळं म्हणून पेन विकते त्याला हे सांगते, एकाने त्यामुळे घेतलं नाही, जाऊ दे.

पैशाचं म्हणाल तर, साध्या ब्लँकचं पेन: ६० ब्लँक, १८० किट, ४० ग्लू-सॅंडपेपर, २८० खर्च, विकते ७५० ला. नॉटचं: ६५०, १८०, ४०, म्हणजे ८७०, विकते १६०० ला. वरवर बघितलं तर ४७० विरुद्ध ७३०, नॉट जिंकला. पण चारातला एक बिघडतो असं धरलं तर चांगला नॉट मला ६५० ला नाही, ८६७ ला पडतो, मग उरतात ५१३, म्हणजे साध्यापेक्षा जेमतेम चाळीसेक जास्त आणि जीव मुठीत धरून ड्रिल करायचं ते वेगळं. काट्याचा हिशोब करतच नाही, दोनातला एक फुटला म्हणजे तो अठराशेचा झाला. तरी नॉट घ्यायचा का? हो, घ्यायचा, कारण प्रदर्शनात टेबलासमोर लोक थांबतात ते नॉटमुळे आणि घेऊन जातात फणस. माझी साधी पेनं यावर्षी जी गेली त्यातली निम्मी तरी त्या एका काळ्या-पांढऱ्या कडीने विकली असतील.

काकांची किंमत जास्त नाही असं माझं मत आहे, उलट नॉटसाठी त्यांनी थोडे जास्त घेतले आणि फुटलेलं बदलून दिलं तर मी आनंदाने देईन. ७५० घ्या पण कोरडा सांधा निघाला तर दुसरा द्या. आणि प्रत्येक ब्लँकवर पेन्सिलने एक खूण करा की नक्षीचा मध्य कुठे आहे आणि किती मिलिमीटरपर्यंत उतरवलं तर ती नीट दिसेल. बारीक किटला पाच इंची ब्लँक मधून कापून दोन नळ्यांवर जातं, त्यामुळे नॉट नेमका कापावर आला की गेलं सगळं. एका ब्लँकचा मध्य मी गुण्या लावून, रेषा ओढून स्वतः शोधला, अर्धा तास गेला.

तुम्ही पहिल्यांदा घेत असाल तर एक चौकट आणि दोन साधी घ्या, नॉट हात बसल्यावर. विकत घेताना दोन्ही टोकं नीट बघा, चारी बाजूंना सांध्याची रेषा समोरासमोर येते का ते मोजा, आणि हलकंच टेबलावर टाकून आवाज ऐका, घट्ट सांध्याचा खणखणीत येतो, पोकळ असेल तर बद् असा. पावसाळ्यात घेऊ नका, घेतलंच तर महिनाभर घरात ठेवून मग लेथवर चढवा.

मी परत जाणार आहे, थंडीत. फुटलेल्या काट्याचे चारही तुकडे पिशवीत घालून ठेवलेत, तुळशीतला पण.