ब्रेक ऑइलची पातळी दाखवून १४,८५० रुपये लुबाडले

तक्रार एवढीच होती की पुढच्या चाकातून किरकिर येते. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, ब्रेक ऑइल डबीवरच्या खालच्या रेषेला टेकलेलं दाखवलं आणि म्हणाला, "मास्टर सिलिंडर गेलाय साहेब, घाटात पेडल खाली बसेल." (मास्टर सिलिंडर म्हणजे पेडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलणारा पंप.) गाडीत घरची माणसं बसवणारा कोण यावर घासाघीस करेल?

बिल असं: पॅड (ब्रेक दाबल्यावर डिस्कला आवळणारे तुकडे) २,४००, डिस्कची (चाकाबरोबर फिरणारी तबकडी) जोडी ५,२००, मास्टर सिलिंडर ३,९००, ऑइल ६५०, मजुरी २,७००.

ती पातळी दाखवली तेव्हाच थांबवायला हवं होतं, हे अजून जिव्हारी लागतं. पॅड झिजले की कॅलिपरचा, म्हणजे पॅड आवळणाऱ्या पकडीचा, पिस्टन बाहेर सरकतो, मागच्या जागेत ऑइल उतरतं आणि डबीतली पातळी आपोआप कमी होते. गळती कुठेच नव्हती; चाकांच्या आतली बाजू, होज (ऑइलच्या रबरी नळ्या), बूस्टरजवळ (पेडलचा जोर वाढवणारा डबा) सगळं कोरडं. मास्टर सिलिंडर आतून गळत असेल तर इंजिन चालू ठेवून पेडल एकसारखं दाबून धरा, ते हळूहळू खाली जातं. अर्धा मिनिट पुरतं. आमचं जागचं हललं नव्हतं. आणि किरकिर? पॅड संपत आला की त्यावरची पत्ती डिस्कला घासते. ती त्यासाठीच बसवलेली असते!

जुने पार्ट मागितले तर "भंगारात गेले". घरी टॉर्च लावून पाहिलं: मास्टर सिलिंडरच्या नटांवर जुनाच गंज, पान्याचा ओरखडाही नाही, ऑइल तसंच काळपट. म्हणजे ३,९०० आणि ६५० सरळ खिशात. जॉब कार्डवर (गाडी देताना आपण सही करतो तो कामाचा कागद) "जुने पार्ट परत द्यावेत" हे आधीच लिहून घ्या. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. समोर मोजल्याशिवाय बदलू देऊ नका. पॅड ३ मिमीवर आले की बदला. पॅड झिजलेले असताना डबीत ऑइल टॉप-अप तर नकोच, नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलला की ते उतू जातं आणि रंग खातं.

पोलीस ठाण्यात म्हणाले, "हा दिवाणी मामला." परिवहन कार्यालयात म्हणाले, "गॅरेज आमच्याकडे येत नाही." आणि दोन्हीकडे तोच प्रश्न: "सही तुमचीच ना?" न बदललेला ब्रेकचा पार्ट बदलला म्हणून पैसे घेणं हा जिवाशी खेळ नाही, तर काय आहे? जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत पैसे मोजलेल्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो, एवढंही कुणी सांगितलं नाही. बिल आणि नटांचे फोटो जोडून तक्रार आयोगातच टाकली आहे. तुमच्याही गाडीचं असं झालं असेल तर नटांना हात लावण्याआधी फोटो काढा.