घोडबंदर रोडवर खासगी कचरा कंपनी: अकरा महिन्यांनंतरचा अनुभव

जून २०२४ मध्ये आमच्या सोसायटीने कचरा उचलण्यासाठी एका खासगी कंपनीशी करार केला. आता एप्रिल २०२५ संपत आलाय. कंपनीचं नाव लिहीत नाही. शेजारच्या सोसायट्यांमध्ये वेगवेगळ्या कंपन्या येतात आणि तिथल्या बायकांकडून मी जे ऐकते ते आमच्यासारखंच आहे. ज्यांच्याकडे करार व्हायचाय किंवा नूतनीकरणाला आलाय, त्यांना उपयोग व्हावा म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. मी कमिटीवर आहे आणि पहिल्या दिवसापासून कचऱ्याचं काम माझ्याकडे आहे.

आम्ही ठाण्यात मानपाडा आणि कासारवडवलीच्या मधे राहतो. दोन विंग, १३२ फ्लॅट. आधी पालिकेची घंटागाडी यायची. मग बल्क वेस्टची नोटीस आली. तेव्हा घनकचरा व्यवस्थापनाचे २०१६ चे नियम लागू होते. रोज सरासरी १०० किलोपेक्षा जास्त कचरा होणाऱ्या संकुलांवर त्यात वेगळी जबाबदारी होती. पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या गृहसंकुलांनी ओल्या कचऱ्याची विल्हेवाट शक्य तितकी आपल्या आवारातच लावावी, असंही त्यात होतं. आम्ही दोन्हींत बसत होतो. बिल्डरने खताचं मशीन दिलं होतं, ते पंपरूमच्या मागे ताडपत्रीखाली पडून होतं. विजेचं बिल बघून आधीच्या कमिटीने ते महिन्याभरात बंद केलं होतं.

मग ही कंपनी आली. सोसायटी ऑफिसात त्यांच्या माणसाने तासभर सगळं समजावलं. ओला कचरा रोज सकाळी आठच्या आत, सुका बुधवारी आणि शनिवारी, ड्रम आठवड्यातून दोनदा धुऊन, प्रत्येक फेरीची नोंद ॲपवर, वर महिन्याला दोन पोती खत. दर फ्लॅटमागे ९५ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे महिन्याला १४,७९७ रुपये. तीन महिन्यांचं डिपॉझिट आणि करार मोडायचा तर साठ दिवसांची नोटीस. आम्ही सही केली.

पहिले तीन आठवडे काम चोख झालं, हे सांगायलाच हवं. टेम्पोला मधे पत्र्याचं पार्टिशन होतं, एका बाजूला ओला, दुसऱ्या बाजूला सुका. येणारे दादा हसतमुख होते. खालचा डबा चुकीचा भरला असेल तर वॉचमनला दाखवून समजावायचे.

८ जुलैला तो प्रचंड पाऊस झाला, लोकल ठप्प झाल्या, त्या दिवशी गाडी आली नाही. त्याबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. पण दुसऱ्या दिवशीही आली नाही, तिसऱ्या दिवशी दुपारी दोनला आली. ओल्या कचऱ्याचे सहा ड्रम काठोकाठ भरलेले. झाकणाखालून पाणी वाहत बी विंगच्या लिफ्टपर्यंत आलं होतं. पावसाळ्यात ओला कचरा दोन दिवस थांबला की अळ्या होतात, चिलटांनी लॉबी भरते, आणि त्या पाण्याचा वास फिनेलनेही जात नाही. तळमजल्यावरच्या काकूंनी आठवडाभर खिडकी उघडली नाही. मी फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला. संध्याकाळी मेसेज आला की तुमची तक्रार सोडवून बंद करण्यात आली आहे. ड्रम तिथेच होते.

ॲप उघडून पाहिलं तर ८, ९ आणि १० जुलै या तिन्ही दिवसांसमोर हिरवी खूण होती, ‘संकलन पूर्ण’. मला तेव्हा पहिल्यांदा राग आला. गाडी चुकू शकते, घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये कोणाचीही चुकते. मेट्रोचं काम आणि खड्डे आम्हीही रोज सोसतो. पण न आलेल्या गाडीची नोंद ‘आली’ अशी होत असेल, तर मी कशाच्या आधारावर भांडायचं?

म्हणून एक साधा प्लॅटफॉर्म काटा घेतला आणि गेटवर रजिस्टर ठेवलं. गाडी आली की वॉचमन वेळ, ड्रमची संख्या, ओल्याचं वजन लिहिणार आणि दोघांची सही. वॉचमनला हे काम जास्तीचं होतं, त्यासाठी त्याला महिन्याला वेगळे पैसे ठरवले. ऑगस्टच्या ३१ दिवसांत गाडी २३ दिवस आली, त्यातले सहा दिवस बारा वाजून गेल्यावर. ॲपवर ३१ च्या ३१ दिवस हिरवे. बिल पूर्ण.

रजिस्टरच्या झेरॉक्स घेऊन खजिनदार आणि मी त्यांच्या सुपरवायझरसमोर बसलो. त्याने ॲपची प्रिंट पुढे केली. आमच्या वॉचमनची सही त्यांना चालत नव्हती आणि त्यांच्या ड्रायव्हरची सही असलेली पानं दाखवली तर तो म्हणाला, ड्रायव्हर आता नोकरीवर नाही. बोलणं तिथेच संपलं. घरी येताना खजिनदारांनी एक गोष्ट बोलून दाखवली. आपण फ्लॅटमागे पैसे देतो, फेरीमागे नाही. गाडी तीस दिवस आली काय आणि वीस दिवस आली काय, कंपनीला तेवढेच मिळतात. उलट न आलेल्या दिवसाचं डिझेल वाचतं. करार वाचताना आमच्यापैकी कोणाच्याही हे लक्षात आलं नव्हतं. अकरा महिन्यांत मला समजलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

सप्टेंबरमध्ये याहून वाईट पाहिलं. गणपतीच्या दिवसांत कचरा वाढतो, केळीची पानं, हार, मोदकांसाठी खवलेल्या नारळांच्या करवंट्या. पार्टिशनवाल्या टेम्पोऐवजी उघडा टेम्पो येऊ लागला होता. एक दिवस मी खाली उभी होते आणि माझ्यासमोर ओल्याचे ड्रम आणि सुक्याच्या पिशव्या एकाच ढिगावर रिकामे झाले. मी विचारलं, दादा, हे काय? ते म्हणाले, ‘ताई, मला एकच गाडी दिलीय. पुढे वेगळं करतात.’

पुढे वेगळं होत नाही. भाजीच्या पाण्यात भिजलेला कागद आणि पुठ्ठा कोणी घेत नाही. प्लास्टिक मिसळलेल्या ओल्याचं चांगलं खत होत नाही. मग दोन्ही डम्पिंगलाच जातं. तिथे ढिगाखाली हवा पोचत नाही, आतल्या आत कुजून मिथेन तयार होतो आणि ढीग पेटतात. ठाण्याचा कचरा वर्षानुवर्षं दिवा इथे टाकला जात होता. माझी मामी दिवा पूर्वेला राहते. तिथलं डम्पिंग चालू होतं तेव्हा धुरामुळे ती उन्हाळ्यातही खिडक्या लावून झोपायची. तिच्या घरी गेलं की घसा धरायचा. त्यामुळे आमच्याकडे सहाव्या मजल्यावरच्या आजी दुधाची पिशवी धुऊन, वाळवून सुक्यात टाकतात, हे मी जपून ठेवावं असं काम समजते. त्यांची ती पिशवी आमटीच्या पाण्यात पडलेली पाहिली आणि मला रडू आलं. आजींना मी अजून सांगितलेलं नाही.

सॅनिटरी कचऱ्याचा विषय सगळ्यांनाच अवघड जातो, पण लिहायलाच हवा. ऑक्टोबरमध्ये कंपनीचं पत्र आलं की डायपर आणि पॅड वेगळे द्यायचे असतील तर फ्लॅटमागे तीस रुपये जादा, नाहीतर उचलणार नाही. २०१६ च्या नियमात हा कचरा नीट गुंडाळून सुक्याच्या डब्यात ठेवा असं होतं. तेव्हा न उचलण्याचा प्रश्नच येत नव्हता. मात्र सुका कचरा निवडणाऱ्या बायका हाताने पुडकी उघडतात, त्यांच्यासाठी तो वेगळा असलेलाच बरा, हे मला पटतं. आम्ही वर्तमानपत्रात गुंडाळून लाल खूण करायची पद्धत सुरू केली आणि झाकणाचा वेगळा डबा ठेवला. जादा पैसे दिले नाहीत. पण मधल्या आठवड्यात नव्या माणसाने एक पुडकं हातात धरून लॉबीत मोठ्याने विचारलं, ‘हे कोणाचं?’ आमच्याकडे एक आजोबा अंथरुणाला खिळलेले आहेत. त्यांच्या सुनेने ते ऐकलं. त्यानंतर महिनाभर ती रात्री अकरानंतर कचरा खाली आणायची. याची तक्रार मी लेखी केली, तिला उत्तर आलं नाही.

तो माणूस मुळात वाईट नव्हता. अकरा महिन्यांत आमच्याकडे चार जण बदलले. एकालाही नीट शिकवलेलं नव्हतं. पहिल्या दादांना दोन महिने पगार मिळाला नव्हता, हे त्यांनी जाण्याच्या आदल्या दिवशी सांगितलं. भर पावसात रेनकोट नाही, हातमोजे नाहीत, फुटलेल्या बाटलीने बोट कापलं तर आमच्या वॉचमनच्या पेटीतली पट्टी. हातमोजे आणि गमबूट शेवटी सोसायटीने दिले. खरं तर ते करारात लिहायला हवे होते. आमच्याकडून ते राहून गेलं.

नोव्हेंबरमध्ये दिवाळी झाल्यावर आम्ही लेखी नोटीस दिली. साठ दिवस सुरू झाले तसे कंपनीचे वरिष्ठ पहिल्यांदा स्वतः आले. आम्ही एकच अट धरली, की पैसे फेरीमागे देऊ. दर फेरीला ४१०, दहाच्या आत आली तर पूर्ण, नंतर आली तर निम्मे, आली नाही तर शून्य. नोंद आमच्या रजिस्टरची, ॲपची नाही. ओला आणि सुका एकत्र टाकताना दिसला तर त्या आठवड्याचं काहीच नाही. दोन तास वाद झाला आणि मग ते तयार झाले. डिसेंबरमध्ये गाडी ३१ पैकी २९ दिवस आली. जानेवारीत ३०. तोच रस्ता, तेच ट्रॅफिक.

वजनानुसार पैसे द्यावेत असा सल्ला काही जण देतात. माझं मत विरुद्ध आहे. किलोवर पैसे ठरले की ओला कचरा जितका जड तितका त्यांचा फायदा, मग आपण घरच्या घरी खत करतो म्हटलं तर त्यांनाच ते नको असणार. काटा हवाच, पण आपल्याला कळण्यासाठी.

सुक्या कचऱ्याचं काम कंपनीने नंतर मनापासून केलं, हेही सांगते. भंगारवाला रद्दी, पत्रा, बाटल्या नेतो. थर्मोकोल, चिप्सची पाकिटं, तुटलेले प्लास्टिकचे डबे, जुने चार्जर त्याला नको असतात. हे सगळं कंपनीवाले नेतात आणि वेगळं वजन लिहून देतात. फेब्रुवारीत घराघरातून जमलेलं जुनं इलेक्ट्रॉनिक सामान दोन फेऱ्यांत नेलं. खताची पोती मात्र अकरा महिन्यांत तीनच आली, त्यातल्या एकात काचेचे तुकडे होते. कुंड्यांत कोणी घातलं नाही.

त्या काचेमुळेच जानेवारीत पोडियमवर (पार्किंगच्या वरच्या मोकळ्या जागेत) आम्ही स्वतः खत करायला घेतलं. भोकं पाडलेल्या मोठ्या टाक्या, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), आवारातला सुका पालापाचोळा, सुरुवातीला आंबट ताक आणि गुळाचं पाणी. पहिल्या टाकीला वास आला, कारण लोक आमटी आणि कढीही त्यात ओतत होते. पाणी गाळून टाका म्हटल्यावर आणि पाल्याचा थर वाढवल्यावर थांबला. मिश्रण मुठीत घट्ट दाबलं तर दोन-चार थेंब पडावेत, त्याहून जास्त नको, एवढं पाळलं की पुरतं. पहिलं खत पंचेचाळीस दिवसांनी निघालं. पावसात भिजलेल्या मातीसारखा वास. सहाव्या मजल्यावरच्या आजींनी ते हातात घेऊन बराच वेळ पाहिलं आणि तुळशीसाठी वाटीभर मागून नेलं.

तारांकन द्यायचं तर पाचपैकी दोन, आणि तेही डिसेंबरनंतरच्या कामासाठी. करार करणाऱ्यांनी फेरीमागे दर, आपलं रजिस्टर, पार्टिशनची गाडी, कामगारांचे हातमोजे-रेनकोट आणि नोटीस तीस दिवसांची, एवढं सहीच्या आधी लिहून घ्यावं. आणि आपला ओला कचरा जिथे नेतात ती जागा एकदा स्वतः जाऊन पाहण्याचा हक्क मागावा. आम्ही तीनदा मागितला. दोनदा वेगवेगळी गावं सांगितली गेली, तिसऱ्यांदा ‘कळवतो’ म्हणाले.

मेपासून नवा करार फक्त सुक्याचा आणि उरलेल्या ओल्याचा आहे. ८१ घरांचा ओला कचरा आता पोडियमवर जातो. गेल्या ऑगस्टमध्ये काट्यावर रोज सरासरी १०४ किलो ओला भरत होता, काल ४१ भरला. आंबे सुरू झालेत, फणस येतील. कोयी लवकर कुजत नाहीत, म्हणून त्या गच्चीवर वाळवायचं ठरवलंय आणि फणसाच्या चारखंडांसाठी, म्हणजे सालींसाठी, रविवारी आणखी एक टाकी लावतोय.