कांदळवन लावायचं की आपोआप येऊ द्यायचं? खाडीकाठच्या जमिनीचं ठरवताय त्यांच्यासाठी

पहिली काही वर्षं लावलेलं वनच भरगच्च दिसतं, ते मान्य. कांदळ हे कांदळवनातलं एक झाड, त्याची शेंग झाडावरच रुजलेली असते, चिखलात खोचली की काम झालं, म्हणून बऱ्याच ठिकाणी फक्त कांदळच लावतात. पण काही वर्षांनी आत शिरा, सगळी खोडं एकाच जाडीची, ओळीत, वर गच्च सावली आणि खाली नवीन रोप क्वचितच. आपोआप वाढलेल्या जुन्या वनात कडेला चिपी, कुठे कांदळ, मागे तिवर, काजळा अशी वेगवेगळी झाडं, मध्येच एखादं झाड पडून उजेड आलेला आणि तिथे रोपांची गर्दी, चिखलात चिंबोऱ्यांची बिळं, निवट्या (चिखलातले छोटे मासे) उड्या मारतायत. शिवाय तिवर तोडली तरी बुंध्यातून परत फुटते, कांदळाचं जुनं खोड तोडलं की सहसा ते झाड गेलंच.

मातीचा हिशोब अजून वेगळा. फ्लोरिडात टँपा बे इथे नव्याने केलेली वनं जुन्यांशी ताडून बघितली, तर झाडं बरोबरीला यायला साधारण 25 वर्षं, वरचा 10 सेंटीमीटर थर 20 वर्षं, आणि त्याखालच्या मातीला 50 च्या वर लागतील असा अंदाज निघाला. म्हणून 'इथलं तोडतो, तिकडे दुप्पट लावतो' हे मला अजिबात पटत नाही, आहे ते वन वाचवणं पहिलं.

जमीन आधीच उजाड असेल तर? फिलिपाइन्समध्ये खोल चिखलात, जिथे मुळात कांदळ येतच नाही, तिथे लाखोंनी लावलं आणि बहुतेक ठिकाणी 10 ते 20 टक्केच जगलं. उलट फ्लोरिडातल्याच वेस्ट लेकमध्ये भराव काढून जमिनीची उंची नीट केली, चर खणले, भरती-ओहोटी सुरू झाली आणि बिया पाण्याबरोबर स्वतःच आल्या.

त्यामुळे माझं मत, आधी बांध भरतीचं पाणी कुठे अडवतोय, उघाडी (बांधातलं पाण्याचं दार) बंद आहे का ते बघा, आणि जमिनीची उंची शेजारच्या जिवंत वनाशी जुळवा. एक-दोन पावसाळे थांबा. जवळपास बी देणारी झाडंच नसतील तर लावा, पण तिवर, चिपी, कांदळ मिसळून, आणि वनाबाहेरच्या, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या मोकळ्या चिखलात मुळीच नको, तिथे पाणपक्षी चरतात.