अकरा महिने, दोन परीक्षक आणि माझा एक लेख

इंग्रजी शिक्षकांसाठीच्या एका त्रैमासिकात माझा लेख छापून आला. त्रैमासिकाचं नाव सांगत नाही, कारण पुढे तक्रारही आहे. कुणी लेख पाठवायच्या विचारात असेल तर हा अनुभव उपयोगी पडेल.

विषय रोजचाच होता. निबंधातली चूक आपण सुधारून द्यायची, की समासात नुसती खूण करून (काळ चुकला तर ‘टी’, स्पेलिंगला ‘एसपी’) विद्यार्थ्यालाच शोधायला लावायची? माझा पहिला खर्डा ६,२०० शब्दांचा झाला आणि मर्यादा होती ४,०००. कात्री लावताना कळलं की पहिली दोन पानं मी किती वर्षं शिकवतेय हेच सांगत होते. ती गेली, कुणाचं काही अडलं नाही.

लेख छापण्याजोगा आहे का हे तपासणाऱ्या परीक्षकाला लेखक कळू नये आणि लेखकाला परीक्षक, अशी पद्धत असल्यामुळे नाव काढून लेख पाठवायचा असतो. मी काढलं. पण नमुना म्हणून दिलेल्या निबंधात विद्यार्थ्याने शाळेचं नाव अभिमानाने लिहिलं होतं, ते राहिलं. तीन दिवसांत लेख परत. चूक माझीच.

त्यानंतर मात्र पाच महिने चिडीचूप. पोर्टलवर ‘अंडर रिव्ह्यू’ एवढंच. चौथ्या महिन्यात विचारणा केली तर छापील साच्यातलं स्वयंचलित उत्तर आलं. परीक्षक हे काम शाळा-कॉलेज सांभाळून फुकट करतात, त्यामुळे वेळ लागणारच. पण ‘अजून महिना लागेल’ ही एक ओळ लिहायला काय हरकत होती?

आणि मग दोन अभिप्राय आले. पहिला चार ओळींचा: छान, छापा. दुसरा तीन पानांचा, आणि माझ्या मते या सगळ्या खटाटोपाचं मोल त्या तीन पानांतच आहे. व्याकरणाच्या चुका सुधारणं सोडूनच द्यावं, असं भाषाशिक्षणाचे अभ्यासक जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ मध्ये मांडलं आणि १९९९ मध्ये डेना फेरिस यांनी त्याचा प्रतिवाद केला. या वादाचा माझ्या लेखात उल्लेखही नव्हता. तो वाचून भरून काढता आला. खरी पंचाईत पुढच्या प्रश्नाने झाली: खुणा पाहून मुलांनी दुसरा खर्डा कसा लिहिला?

दुसरे खर्डे मी ठेवलेच नव्हते! दोन दिवस त्या परीक्षकावर मनोमन चरफडले. मग नव्या वर्गातल्या ३१ मुलांबरोबर सगळं पुन्हा केलं, त्यांच्या लेखनातले उतारे वापरायला परवानगीपत्रं घेतली. स्पेलिंग बहुतेकांनी स्वतःच सुधारली. प्रिपोझिशनला मात्र खूण दिसली की ‘इन’चं ‘ऑन’, तेही नाही तर ‘अ‍ॅट’, असा नुसता अंदाजपंचे कारभार. मूळ लेखात मी लिहिलं होतं की खुणा पुरतात. छापलेल्या लेखात तसं लिहिलेलं नाही.

संपादन चोख होतं. चुकांवरच्या माझ्या लेखात कर्ता एकवचनी आणि क्रियापद अनेकवचनी, अशी माझीच चूक निघाली. नम्रपणे दाखवून दिली, त्यामुळे जास्तच लागली. प्रूफ तपासायला फक्त दोन दिवस दिले, तेही परीक्षेच्या आठवड्यात.

मानधन नाही, छापायची फीही नाही. मधल्या काळात ‘आदरणीय प्राध्यापक’ म्हणून आर्जवं करणारी, ७२ तासांत स्वीकृती देऊन मग फी मागणारी दुसरी नियतकालिकंही ईमेलमध्ये येऊन गेली. अशांना ओळखायला २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘थिंक. चेक. सबमिट.’ या उपक्रमाची प्रश्नावली चांगली आहे. माझी साधी कसोटी अशी की जो बदल मागत नाही त्याने लेख वाचलेला नाही.

पाचपैकी साडेतीन तारे. दीड कापला तो त्या मौनासाठी. प्रिपोझिशनवरचा दुसरा लेख तिथेच पाठवलाय. सात आठवडे झाले, ‘अंडर रिव्ह्यू’.