गॅरेट एस ४००आय आणि तीन कॉइली: आठ महिन्यांचा अनुभव

आई दर रविवारी फोनवर एकच विचारते, "काय गं, हंडा सापडला का?" हंडा नाही सापडला. सापडले ते नट-बोल्ट, बाटल्यांची झाकणं, शिशाचे गोळे, व्हिक्टोरिया राणीच्या झिजून गुळगुळीत झालेल्या पेन्या. आणि एकदाच एक अशी वस्तू, जिच्यामुळे खटाटोप वसूल झाला. ती वस्तू मेटल डिटेक्टरची कॉइल (दांड्याच्या टोकाला असते ती, जमिनीवरून फिरवायची चकती) बदलली म्हणूनच सापडली असं माझं ठाम मत आहे, म्हणून हे लिहायला बसले.

मी इंग्लंडात, नॉर्फोकमध्ये राहते. इथे शेतमालकाची परवानगी असेल तर मेटल डिटेक्टर घेऊन रानात हिंडणं हा रीतसर छंद आहे. मला दोन शेतकऱ्यांची परवानगी आहे. गव्हा-बार्लीच्या काढणीनंतर जी रानं वसंतातल्या बीटसाठी मोकळी ठेवतात, तिथे हिवाळाभर धसकटांतून फिरता येतं.

मशीन गॅरेट कंपनीचं एस (ACE) ४००आय. १० किलोहर्ट्झवर चालतं, चार पेन्सिल सेल लागतात, वजन साधारण १.३ किलो. सोबत साडेआठ बाय अकरा इंची डीडी कॉइल येते. वर्षभर तीच वापरली. सप्टेंबरात त्याच कंपनीची पाच बाय आठ इंची घेतली आणि नोव्हेंबरात, हाव सुटली म्हणून, दुसऱ्या एका कंपनीची तेरा इंची.

डीडी म्हणजे कॉइलच्या पोटात इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची तारेची दोन वेटोळी, मधल्या पट्ट्यात एकमेकांवर थोडी चढवलेली. एक जमिनीत लहर सोडतं, दुसरं कान देऊन ऐकतं. खरी पकड त्या मधल्या पट्ट्यातच असते. म्हणजे कॉइल दिसते ताटासारखी, पण जमिनीत काम करते सुरीच्या उभ्या पात्यासारखी. हे डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप कळतं. पातं लांब असेल तर एका फेरीत जास्त रान कापलं जातं, पण त्याखाली एकाच वेळी दोन खिळे, एक झाकण आणि एक नाणं आलं तर मशीनला सगळ्यांचा मिळून एकच गलका ऐकू येतो. लोखंड जवळ असलं की नाण्याचा आवाज त्यात बुडून जातो.

तीनही कॉइली हातात आल्यावर परसात परीक्षा घेतली. एक व्हिक्टोरियन पेनी आठ इंच खोल पुरली, चांदीची चिमुकली थ्रीपेनी पाच इंचांवर, आणि तिसरीकडे नाण्याच्या शेजारी दोन इंचांवर गंजका खिळा. पेनी तेरा इंचीने खणखणीत सांगितली, मूळ कॉइलने चाचरत, छोटीने अजिबात नाही. थ्रीपेनीवर मात्र तेरा इंची माझ्या अपेक्षेपेक्षा बरीच मंद निघाली. मोठी कॉइल मोठी वस्तू खोलवरून उचलते, बारीक वस्तूच्या बाबतीत तिचा कान जड होतो. खिळ्याशेजारचं नाणं मूळ कॉइलने एका बाजूनेच पकडलं, छोटीने दोन्ही बाजूंनी, आणि तेरा इंचीने फक्त खिळा ऐकला. नुकतं पुरलेलं नाणं आणि सातशे वर्षं मुरलेलं नाणं यांत फरक असतो, म्हणून या परीक्षेला फार डोक्यावर घेऊ नका. पण दिशा हीच होती.

आता ती वस्तू. एका रानाच्या कोपऱ्यात पूर्वी घरं असावीत. तुटकी कौलं, हाडं आणि खिळे, खिळे, खिळे. मूळ कॉइल घेऊन तिथे गेलं की लोखंडाची घुर्रघुर्र थांबायचीच नाही, मी वैतागून बांधाकडे वळायचे. ऑक्टोबरातला एक शनिवार, आदल्या रात्री पाऊस झालेला, रानात मस्त वाफसा. छोटी कॉइल लावून मुंगीच्या गतीने निघाले. दोन घुरघुरींच्या मधे एक बारीक 'टिक'. पुन्हा फिरवलं, पुन्हा टिक. नव्वद अंशांत वळून पाहिलं, तरी टिक. खाली कोणता धातू असावा ते सांगणारा पडद्यावरचा आकडा एका जागी ठरत नव्हता. खणलं तर आधी हाताएवढा खिळा निघाला. मनात म्हटलं, झालं. पण खड्ड्यावर कॉइल धरली तर आवाज आता जास्त स्वच्छ. चार इंचांवरचं एक ढेकूळ हातात फोडलं आणि आत करंगळीच्या नखाएवढी अर्धी चकती. कातरीने कापावी तशी सरळ धार. पाठीवर क्रॉसचे हात थेट कडेपर्यंत गेलेले.

ती तिसऱ्या हेन्रीच्या काळातली 'लाँग क्रॉस' पेनी, म्हणजे तिचा अर्धा भाग. १२४७ पासून ही नाणी पाडली. त्या काळी सुटे पैसे हवे असतील तर पेनी क्रॉसच्या रेषेवर कापून अर्धी किंवा पाव करत. पहिल्या एडवर्डने १२७९ पासून नाणी बदलली आणि गोल फार्दिंग (पाव पेनी), हाफपेनी आले, तोवर मोड म्हणजे शब्दशः मोड. चांदीचं एकटंदुकटं नाणं इथल्या १९९६ च्या ट्रेझर (गुप्तधन) कायद्यात सहसा बसत नाही, तरी पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम या, सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या योजनेच्या अधिकाऱ्याकडे नेऊन नोंद करून घेतली. ठेवा ठरू शकेल असं काही मिळालं तर चौदा दिवसांत कॉरोनरला, म्हणजे अशा ठेव्यांची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवावंच लागतं.

त्यानंतर छोटी कॉइल मशीनवरून उतरायला तयार नाही. हलकी आहे, धसकटांच्या ओळींमधे शिरते, आणि जमिनीचा कमीच भाग बघत असल्यामुळे सेन्सिटिव्हिटी (मशीनचा कान किती तिखट ठेवायचा ते) आठपैकी सात-आठवर ठेवली तरी शांत चालते. तोटा एकच, रान मोठं असेल तर दिवस जातो आणि पाव एकरही होत नाही.

तेरा इंचीचं काय? रोलर फिरवलेल्या, स्वच्छ, मोठ्या रानात ती राणी आहे. जानेवारीत एका सकाळी तिने चार मोठी तांब्याची नाणी काढून दिली, सगळी नेहमीपेक्षा खोल. पण विजेच्या तारांखाली ती किरकिर करते, सेन्सिटिव्हिटी पाचवर आणावी लागते, आणि पाचवर आणली की खोलीचा फायदा निम्मा संपतो. एस ४००आयमध्ये ग्राउंड बॅलन्स (जमिनीतल्या खनिजांचा गोंगाट गाळण्याची सोय) हाताने लावता येत नाही, त्यामुळे क्षारांच्या जमिनीतही हाच उपाय. शिवाय वजन दांड्याच्या टोकाला. दोन तासांनी कोपर बोलायला लागतं. हिवाळ्यात दोन आठवडे मी डाव्या हाताने फिरवत होते.

कॉइल बदलणं हे काम घरी, टेबलावर, तीन मिनिटांचं आहे. मशीन बंद करा, कनेक्टरची कडी सैल करा आणि सरळ ओढा, पिळू नका. बोल्ट काढा, रबरी वॉशर जागेवर आहेत का पाहा, नवी कॉइल बसवा. नट हाताने घट्ट होईल इतकाच आवळायचा, पक्कड लावाल तर कॉइलचे कान तडकतील. मग वायर दांड्याभोवती घट्ट गुंडाळायची. मी पहिल्यांदा सैल ठेवली होती, ती कॉइलजवळ हलत राहिली आणि सकाळभर खोट्या आवाजांमागे धावून सोळा रिकामे खड्डे खणले.

रानात बदलायला जाऊ नका. डिसेंबरात गेले. बोटं गारठलेली, हातमोजे दातात धरलेले, आणि विंग नट चिखलात पडला. क्षणभर हसू आलं, हातात मेटल डिटेक्टर आहे की! मग लक्षात आलं, नट प्लॅस्टिकचा. मुद्दामच प्लॅस्टिकचा असतो, नाहीतर मशीन स्वतःच्याच नटावर ओरडेल. अर्धा तास गुडघ्यावर बसून शोधला, नाही मिळाला. कॉइल बुटाच्या जुन्या नाडीने बांधून गाडीपर्यंत आले. आता खिशात दोन नट जास्तीचे असतात.

कव्हरबद्दल एक: तेरा इंचीसोबत आलेल्या कव्हरच्या आत ओली माती साचते आणि मग मशीन रडतं. दर वेळी घरी आल्यावर कव्हर काढून धुते.

कुणी विचारलं तर सांगते, पहिली जादा कॉइल छोटीच घ्या. तेरा इंची कुणाकडून उसनी मिळाली तर दोन दिवस वापरून बघा, खांदा काय म्हणतो ते ऐका, मग पैसे घाला. आणि मॉडेलला बसते का ते आधी विचारा, कनेक्टर सारखा दिसला म्हणजे चालेलच असं नाही.

सातारकडच्या दोन भाच्यांनी "मावशी, येताना घेऊन ये, गडावर फिरवू" असं कळवलंय. त्यांना नाही म्हणून सांगितलं. संरक्षित जागी खणणं गुन्हा आहे, इथेही आणि तिथेही. आणि आपल्याकडे १८७८ चा कायदा अजून आहे, दहा रुपयांच्या वरचं गुप्तधन सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं.

सध्या बीट घोट्याएवढं वाढलंय, रानं बंद. तेरा इंची गॅरेजात खिळ्याला टांगलीय. परसातली पेनी अजून उकरायची राहिलीय, कारण नवऱ्याने नेमकी तिथेच कोथिंबीर पेरली.