सीझियम काढून एक्स-रे: रक्तपेढीच्या इर्रेडिएटरचं परीक्षण

दात्याच्या रक्तातल्या लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशी कधीकधी रुग्णाच्याच शरीरावर उलटतात. हा विकार दुर्मीळ आहे, पण बहुतेक वेळा जीव घेतो. तो टाळण्यासाठी इर्रेडिएटर या यंत्रात रक्तपिशवीवर किरणांचा मारा करतात. तिला मध्यभागी २५ ग्रे (किरणमात्रेचं एकक) आणि कुठल्याही कोपऱ्यात किमान १५ ग्रे मात्रा मिळावी लागते. हे काम सीझियम-१३७ या किरणोत्सारी पदार्थाच्या यंत्रांनी अनेक दशकं चोख केलं. अर्धायुष्य (ताकद निम्मी होण्याचा काळ) सुमारे ३० वर्षांचं, म्हणजे स्रोताची ताकद वर्षाला जेमतेम सव्वादोन टक्क्यांनी घटते. माऱ्याची वेळ वर्षातून एकदा सुधारून घेतली की झालं.

खोट आतल्या पदार्थात आहे. सीझियम क्लोराइड ही मिठासारखी भुकटी. पाण्यात विरघळते, हाताला चिकटते, सहज पसरते. १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानियात भंगारात गेलेल्या उपचारयंत्रातल्या अशा सुमारे ९३ ग्रॅम भुकटीने चार बळी घेतले आणि २४९ जणांना किरणोत्सारी बाधा झाली. तिथे कुणाचाही वाईट हेतू नव्हता. डर्टी बॉम्ब (किरणोत्सारी पदार्थ स्फोटाने पसरवणारा बॉम्ब) बनवू पाहणाऱ्याच्या हाती हीच भुकटी लागली तर काय, ही खरी चिंता.

म्हणून अमेरिकेच्या काँग्रेसने २००५ च्या ऊर्जा कायद्यातून नॅशनल अकॅडमी या वैज्ञानिक सल्लागार संस्थेकडे अभ्यास सोपवला. २००८ च्या अहवालाने सांगितलं: नवे परवाने थांबवा, जुनी यंत्रं काढायला पैसे द्या, निर्यात बंद करा. अणुनियामक आयोगाने बंदी घातली नाही. २०११ च्या धोरणात स्रोतांच्या सुरक्षेवर भर दिला. पैशांची शिफारस मात्र पुढे २०१४ मध्ये योजना होऊन उतरली: नव्या यंत्राच्या किमतीत वाटा आणि जुना स्रोत विनामूल्य उचलून नेणं. २०१८ मध्ये संमत झालेल्या संरक्षण कायद्याने रक्तपेढ्यांतली सीझियम यंत्रं २०२७ अखेर हटवण्याचं उद्दिष्ट ठेवलं, तेही ऐच्छिक. आमच्या मते बंदीची शिफारस मानायला हवी होती. कुलूप कितीही पक्कं असलं तरी आतली भुकटी तशीच राहते.

आता एक्स-रे यंत्राकडे. बंद केलं की आत चोरण्यासारखं काहीच उरत नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. पण १६० किलोव्होल्टचे किरण सीझियमच्या गॅमा किरणांइतके खोल जात नाहीत. एकाच बाजूने मारा झाला तर पलीकडचा भाग कमी मात्रेत राहतो. किरण सोडणाऱ्या दोन नळ्या समोरासमोर असलेलं किंवा पिशव्यांचा डबा फिरवणारं मॉडेलच घ्यावं आणि बसवल्यावर पूर्ण डब्याचा मात्रा-नकाशा मागून घ्यावा. पिशवीवरची, मारा झाल्याचं दाखवणारी निर्देशक लेबलंही एक्स-रेसाठीचीच हवीत. गॅमाची चालत नाहीत, आणि ही चूक सहज होते.

बिघाड येतो तो बहुधा उष्णतेतून. नळीत शिरणाऱ्या विजेचा जेमतेम एक टक्का किरण होतो, बाकी सगळी उष्णता. शीतकरण कमी पडलं की यंत्र मध्येच थांबतं आणि पिशवी अर्धवट मात्रेत अडकते. ती तशीच पुढे जाऊ देऊ नये. किती मात्रा पडली याची नोंद करून उरलेली द्यावी, नाहीतर बाजूला काढावी. नळी कधीतरी जाणारच. म्हणून दुसरं यंत्र, किंवा कर्करोग विभागाच्या लिनॅकवर (किरणोपचाराच्या यंत्रावर) पिशव्या नेण्याची लेखी व्यवस्था आधीच हवी. देखभालीच्या करारात नळीबदल आहे का, हे सही करण्यापूर्वी वाचावं.

सगळ्यात जोखमीचा दिवस जुना स्रोत काढण्याचा. मे २०१९ मध्ये सिअॅटलमध्ये अशाच कामात स्रोताचं आवरण कापलं गेलं, १३ जण बाधित झाले आणि इमारत दीर्घकाळ बंद राहिली. कापाकापी लागणारच असेल तर ती इमारतीत नको, त्यासाठीच बांधलेल्या बंदिस्त कक्षात व्हावी.

भारताकडे तिसरा मार्गही आहे. भाभा अणुसंशोधन केंद्र ट्रॉम्बेला अणुकचऱ्यातून काढलेलं सीझियम काचेत गोठवून रक्त-इर्रेडिएटरसाठी पेन्सिली (पेन्सिलीसारखे बारीक स्रोत) बनवतं. काच भुकटीसारखी विरघळून पसरत नाही. जिथे वीज आणि थंड पाण्याचा भरवसा नाही, तिथल्या रक्तपेढीला आम्ही एक्स-रेपेक्षा हीच सुचवू, पहाऱ्यात कसूर न करता.