गव्ह डॉट यूके प्रोटोटाइप किट : मराठी सरकारी फॉर्मच्या चाचणीसाठी कितपत कामाचं?

सरकारी संकेतस्थळाची फेररचना करताना युजेबिलिटी टेस्टिंग, म्हणजे खऱ्या माणसांकडून वापरून बघण्याची चाचणी, बहुतेक वेळा पडद्यांच्या चित्रांवर उरकलं जातं. चित्रं एकमेकांना जोडायची आणि समोरच्याला म्हणायचं, "इथे नाव भरलंय असं समजा." मेनू किंवा मुखपृष्ठ तपासायला एवढं पुरतं. फॉर्मला पुरत नाही, कारण माणूस अडकतो तो टाइप करताना: आडनाव आधी की नाव, तारखेत तिरकी रेघ द्यायची की टिंब, चूक दाखवणारी लाल ओळ दिसली की नाही. चित्रात यातलं काहीच घडत नाही, त्यामुळे चाचणी 'छान' होते आणि संकेतस्थळ सुरू झाल्यावर हेल्पलाइनचे फोन वाजत राहतात.

ब्रिटिश सरकारच्या 'गव्हर्न्मेंट डिजिटल सर्व्हिस'चं प्रोटोटाइप किट, म्हणजे टाइप करता येईल असा संकेतस्थळाचा कच्चा नमुना (प्रोटोटाइप) बांधायचं साधन, या कामासाठी उत्तम आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये तिथली जुनी सरकारी संकेतस्थळं बाजूला सारून गव्ह डॉट यूके हे एकच सरकारी संकेतस्थळ उभं करणारी हीच संस्था. किट फुकट आहे, एमआयटी परवान्याखाली (कुणालाही वापरायला-बदलायला मोकळीक देणारा परवाना) खुलं आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. नोड जेएस हे मोफत सॉफ्टवेअर टाकायचं, टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) दोन-तीन आज्ञा द्यायच्या, की पहिलं पान ब्राउझरमध्ये उघडता येतं. एचटीएमएल येणाऱ्या डिझायनरला नंजक्स ही पानांचे साचे लिहायची भाषा लवकर जमते. सुरुवातीचं पान, प्रश्नाचं पान, 'उत्तरं तपासा' आणि पोचपावती हे साचे तयार मिळतात.

खरी किंमत आहे ती भरलेलं उत्तर लक्षात ठेवण्याची. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी '१ वर्ष' की '३ वर्षं' हे निवडलं की पुढचे प्रश्न त्याप्रमाणे बदलता येतात आणि शेवटच्या पानावर त्या माणसाचीच उत्तरं समोर येतात. स्वतःचं नाव चुकलेलं दिसलं की तो 'बदला'वर बोट ठेवतो का, की मागे-मागे जात सगळं पुन्हा भरतो, हे इथे डोळ्यांनी दिसतं.

मात्र चुकांची तपासणी किट आपोआप करत नाही. रिकामी चौकट सोडून पुढे गेलं तरी ते मुकाट्याने पुढचं पान देतं. कोणत्या उत्तरानंतर कोणतं पान हे ठरवणाऱ्या राउट्सच्या फाइलमध्ये अट लिहून चूक दाखवणारं पान आपण बनवायचं. हे काम टाळू नका. सगळे प्रश्न नाही, पण जिथे गोंधळ अपेक्षित आहे असे दोन-तीन प्रश्न तरी पूर्ण तपासणीसह बांधा. चूक सांगणारा संदेश दोन जागी लागतो: पानाच्या माथ्यावरच्या गोषवाऱ्यात आणि त्या चौकटीशेजारी. दोन्हीकडे शब्द तेच हवेत, आणि माथ्यावरच्या ओळीवर टिचकी मारली की थेट त्या चौकटीत पोचलं पाहिजे.

मराठीत वापरताना काही दुरुस्त्या अटळ आहेत. पहिली, पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवणं. नाहीतर स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर) पान इंग्रजी समजूनच वाचू पाहतो आणि दृष्टिहीन सहभागीची चाचणी वाया जाते. चूक सांगणाऱ्या संदेशाआधी फक्त स्क्रीन रीडरला ऐकू येणारा 'एरर' हा शब्द दडलेला असतो, तोही बदला. पडद्यावर दिसत नसल्याने तो हमखास राहून जातो. दुसरी, अक्षरं. ब्रिटिश सरकारचा फॉन्ट आणि राजमुकुटाचं चिन्ह त्यांच्या संकेतस्थळांबाहेर वापरायला परवानगी नाही, म्हणून बिनचिन्हाचा साचा घ्या आणि मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी हा फॉन्ट लावा. मूळ मजकूर १९ पिक्सेलचा आणि ओळीची उंची २५ असते. देवनागरीत रफार, वेलांटी आणि खालचे उकार एकमेकांना भिडतात, तेव्हा उंची २८ ते ३० करा.

तिसरी दुरुस्ती अंकांची. मराठी कीबोर्डवरून कुणी '४११०३०' असा पिनकोड भरला तर जावास्क्रिप्टची नेहमीची अंकतपासणी तो नाकारते, कारण तिला फक्त इंग्रजी अंक कळतात. आधी अंक बदलून घ्या, मग तपासा. प्रोटोटाइपमध्ये हे केलं नाही, तर बरोबर उत्तर देणाऱ्या माणसाला आपण चूक ठरवतो.

जोडपत्रांच्या बाबतीत किट तोकडं आहे. फाइल निवडता येते, पण ती प्रत्यक्षात कुठे चढत नाही. आपल्याकडे तर फोटोच्या केबी-मर्यादेपाशीच गाडी अडते. आकार तपासणारी छोटी स्क्रिप्ट स्वतः लिहावी लागेल. ओटीपीसाठी कोणतेही सहा अंक चालतील अशी सोय करा आणि खोटा आकडा कागदावर लिहून हातात द्या.

चाचणीच्या दिवशी प्रोटोटाइप ऑनलाइन ठेवा आणि सहभागीच्या हातात मोबाइल द्या. ऑनलाइन प्रतीला पासवर्ड लागतो. ते कुलूप काढू नका, आधी स्वतः उघडून मग फोन द्या. प्रत्येक माणसानंतर किटमधली माहिती पुसा आणि ब्राउझरची खासगी (प्रायव्हेट) खिडकी नव्याने उघडा, नाहीतर आधीच्या काकांचं नाव पुढच्या ताईंना दिसतं. आधार क्रमांक खरा भरू देऊ नका. बनावट तपशिलाचं कार्ड तयार ठेवा. नाव मात्र ज्याचं त्याला भरू द्या, अडखळणं तिथेच कळतं. काम सांगताना बटणावरचा शब्द तोंडातून जाऊ देऊ नका. "उत्पन्नाचा दाखला काढा" म्हटलं की ते शब्द शोधणं एवढंच काम उरतं. "काका, मुलीच्या फीसवलतीसाठी कॉलेजने घरच्या कमाईचा सरकारी कागद मागितलाय, काय कराल?" असं विचारा आणि गप्प बसा.

ब्रिटिश सरकारची सेवा बांधण्याची मार्गदर्शिका, सर्व्हिस मॅन्युअल, चाचणीच्या एका फेरीला ४ ते ८ जण सुचवते. आकडा योग्य आहे, पण आठही जण स्वतःच्या फोनवर सराईत असले तर उपयोग नाही. आपल्याकडे कितीतरी अर्ज सेवा केंद्राचा चालक भरतो आणि अर्जदार शेजारी उभा राहून उत्तरं देतो. किटची 'एका पानावर एकच प्रश्न' ही पद्धत पहिल्यांदा भरणाऱ्यासाठी फार चांगली. दिवसभर तोच अर्ज भरणाऱ्या चालकाला ती जाच वाटू शकते. म्हणून निम्म्या जागा चालक-अर्जदार जोड्यांसाठी ठेवा आणि त्यांची चाचणी प्रत्यक्ष केंद्रावर, तिथल्याच संगणकावर घ्या. पानांची दुसरी मांडणी, तीन-चार प्रश्न एकत्र असलेली, याच किटमध्ये वेगळ्या फोल्डरात ठेवता येते. दोन्ही मांडण्या दाखवा, मात्र जोडीगणिक क्रम उलटा करा, कारण दुसऱ्या वेळी प्रश्न ओळखीचे झालेले असतात.